आधी नाव विचारा, मग हात लावा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानांपैकी एक. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये मी टाकी या विषयावर बरंच बोललेलो आहे. टाकी गळते, टाकी धुतली नाही, टाकीचं झाकण उघडं राहिलं. सेक्रेटरी साहेबांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा म्हटलं, आजही टाकीवरच बोलावं, फक्त गच्चीवरच्या नाही. दिवाणखान्यातल्या, काचेच्या, खाऱ्या पाण्याच्या.

मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतात. जावईबापूंना समुद्री मत्स्यालयाचा नाद आहे. मासे मोजून चार, बाकी सगळी टाकी प्रवाळांची. तिथे हा छंद कायद्यात बसतो; क्वीन्सलँडच्या समुद्रातून प्रवाळ काढायला परवाने असतात, किती काढायचं याला मर्यादा असते. आपल्याकडे काय नियम आहे ते शेवटी सांगतो, कारण तो भाग आपल्या शोकेसपर्यंत येणार आहे.

तर जावयाचे फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो: "बाबा, हे काय आहे?"

तुम्ही म्हणाल, दुकानातून विकत आणलेल्या वस्तूचं नाव माहीत नाही, असं कसं? या छंदात ते रोज होतं. हौशी मंडळी आपापसांत प्रवाळाचे तुकडे देतात घेतात, त्याला 'फ्रॅग' म्हणतात. आपल्याकडे शेजारणी तुळशीचं रोप किंवा जास्वंदीची फांदी देतात ना, तसं. कुणी जुनी टाकी दगडांसकट विकून टाकतो. दगडाला चिकटून न बोलावलेले पाहुणे येतात आणि दोन महिन्यांनी डोकं वर काढतात. दुकानदार नाव सांगतो ते बाजारातलं: हातोडा, मशाल, चामडं, तारा. ते नाव गिऱ्हाइकासाठी असतं. त्यावरून त्या जीवाला किती उजेड हवा, तो शेजाऱ्याला डसेल का, माणसाला अपाय करेल का, हे कळत नाही. गॅलक्सिया नावाचं एक प्रवाळ दिसायला देखणं असतं, पण रात्री वीतभर लांब दोरे सोडून आसपासच्या सगळ्यांना भाजून काढतं. ते कुठे ठेवायचं हे ठरवायला आधी ते गॅलक्सिया आहे हे कळायला हवं.

बोटं मोजा

प्रवाळ म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. प्रवाळ हा प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या नात्यातला. एक छोटी पिशवी, तिला एकच तोंड, तोंडाभोवती मऊ बोटं. शास्त्रात त्यांना स्पर्शक म्हणतात, आपण बोटंच म्हणू. अशा एका प्राण्याला म्हणायचं पॉलिप. हजारो पॉलिप एकत्र राहिले की झाली वसाहत, म्हणजे सोसायटीच म्हणा. काहीजण चुन्याचं घर बांधतात, काही बांधत नाहीत.

हा प्राणी आहे हे कळायलाच माणसाला फार वेळ लागला. आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं, आजीच्या बटव्यातल्या प्रवाळपिष्टीचं पोवळं, त्याला युरोपातले विद्वान झुडूप समजत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली नावाच्या इटालियन गृहस्थांनी भूमध्य समुद्रातलं ताजं पोवळं समुद्राच्याच पाण्यात ठेवलं. त्याच्यावर पांढरी, आठ पाकळ्यांची फुलं उमललेली दिसली. ते म्हणाले, झालं, फुलं आली म्हणजे वनस्पतीच. पुढे पेसोनेल नावाच्या मार्सेयच्या डॉक्टरने तीच 'फुलं' पाहून सांगितलं की ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञांना हे इतकं विचित्र वाटलं की रेओम्यूरने त्याचा निबंध अकादमीपुढे मांडताना त्याचं नावच सांगितलं नाही. बिचाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून!

पण मार्सिलींनी केलेली मोजणी बरोबर होती. आठ. आजही मी अनोळखी फोटोवर पहिला प्रश्न तोच विचारतो: एका पॉलिपला बोटं किती?

आठ असतील, आणि बोटांच्या कडेला पिसासारखे बारीक दाते असतील, तर तो एक मोठा गट झाला. त्यात लाल पोवळं येतं, समुद्रपंखे येतात, टाकीत दिसणारी बहुतेक मऊ प्रवाळं येतात: झेनिया, सार्कोफायटन, सिन्युलेरिया. बोटं साधी असतील आणि सहाच्या पटीत असतील, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, तर दुसरा गट. खडक बांधणारी कठीण प्रवाळं या दुसऱ्या गटात. समुद्रफुलंही त्यातच.

मोजणी किती उपयोगी पडते याचा एक नमुना. गोनिओपोरा आणि अल्विओपोरा ही दोन प्रवाळं अगदी सारखी दिसतात. लांब देठावर डेझीसारखी फुलं, पाण्यात डोलणारी. भले भले फसतात. पण गोनिओपोराच्या फुलाला चोवीस बोटं, अल्विओपोराच्या फुलाला बारा. फोटो मोठा करा, एका फुलावर पेन्सिलीचं टोक ठेवा आणि मोजा. पाचवीतला मुलगाही सांगेल.

अर्थात एका खुणेवर विसंबून चालत नाही. आठ बोटं म्हणजे मऊ प्रवाळ, असा नियम करून बसलात तर ऑर्गन पाइप प्रवाळ तुम्हाला खोटं पाडेल. वरून बघाल तर आठ बोटांची तारेसारखी फुलं, आणि खाली तांबड्याभडक नळ्यांचं टणक घर. निळं प्रवाळ तसंच: बोटं आठ, आणि सांगाडा दगडी, आतून निळा. म्हणून दुसरा प्रश्न लागतो.

रो-हाऊस, फ्लॅट की चाळ?

दुसरा प्रश्न: घर आहे का, आणि कसं आहे?

कठीण प्रवाळात प्रत्येक पॉलिप चुन्याच्या एका वाटीत बसलेला असतो. वाटीच्या कडेपासून मध्याकडे पातळ पट्ट्या गेलेल्या असतात, मोसंबं आडवं कापल्यावर फोडींच्या रेषा दिसतात तशा. या वाट्यांची रचना म्हणजे प्रवाळाचा आधार कार्ड नंबर.

हौसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे समजायला सोपं आहे. काही प्रवाळांत प्रत्येक वाटीला स्वतःची भिंत असते आणि दोन वाट्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा. ही रो-हाऊसं. डिप्सास्ट्रिया अशी असते. काहींत दोन वाट्यांची भिंत एकच, कॉमन. हे फ्लॅट. फेवायटीस असा असतो. आणि काहींत एका ओळीतल्या मधल्या भिंती गायब, लांबच लांब नागमोडी गल्ली आणि त्या गल्लीत ओळीने अनेक तोंडं. ही चाळ, गॅलरी सगळ्यांची एकच. प्लॅटिगायरा ही अशी चाळ, वरून मेंदूच्या वळ्यांसारखी दिसते. पहिली दोन तर रंगानं, आकारानं इतकी सारखी की दुकानात एकाच नावावर विकली जातात. भिंत बघितली की वेगळी.

फांद्यांच्या प्रवाळांत फांदीचं टोक बघायचं. प्रत्येक फांदीच्या अगदी टोकावर एक वाटी इतरांपेक्षा वेगळी, ठळक दिसली, तर ते अॅक्रोपोरा. तशी टोकाची वाटी नाही आणि फांदीभर चामखिळीसारखे उंचवटे आहेत, तर पोसिलोपोराकडे वळा.

आता कुणी म्हणेल, मग सांगाडाच बघावा, बोटं कशाला? जावयाच्या टाकीत हातोडा आणि बेडूकअंडी या बाजारनावांची दोन प्रवाळं आहेत. त्यांचे सांगाडे शेजारी ठेवले तर तज्ज्ञालाही वेगळे करणं कठीण. पण जिवंतपणी हातोड्याच्या बोटांची टोकं नांगरासारखी आडवी असतात, आणि बेडूकअंड्याच्या बोटाला बाजूने फुटवे येऊन पुंजके दिसतात. तिसरी मशाल, तिची बोटं लांब आणि टोकाला एकच गोल गाठ. म्हणजे इथे घर सारखं, माणसं वेगळी. शेजारच्या दोन फ्लॅटचा नकाशा एकच असतो म्हणून कुणी एका बिऱ्हाडाला दुसरं समजत नाही, तसंच.

रंगावर जाऊ नका

फोटोबरोबर नव्वद टक्के लोक वर्णन करतात ते रंगाचं. "हिरवं आहे, मध्ये नारिंगी." ओळखण्यासाठी याचा उपयोग सगळ्यात कमी.

खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा तपकिरी रंग या भाडेकरूंचा. त्याच्यावर हिरवे, गुलाबी, निळे चमकणारे रंग असतात ते प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. उजेड बदलला, पाणी बदललं की दोन्हींचं प्रमाण बदलतं. हिरवं आणलेलं प्रवाळ चार महिन्यांत तपकिरी होऊ शकतं. एकाच जातीची दहा प्रवाळं दहा रंगांची असतात, आणि बाजारात त्या प्रत्येक रंगाला वेगळं झगमगीत नाव आणि वेगळी किंमत.

त्यात हौशी मंडळी टाकीवर निळे दिवे लावतात. निळ्या उजेडात सगळंच चमकतं आणि फोटोत बारकावे बुडतात. म्हणून मी जावयाला नियम घालून दिलाय. फोटो पांढऱ्या उजेडात. एक वरून, एक बाजूने, एक अगदी जवळून. पॉलिप उघडे असताना एक, मिटलेले असताना एक, कारण मिटल्यावर वाटीची भिंत दिसते. शेजारी पट्टी किंवा नाणं, म्हणजे माप कळतं. मात्र ते काचेच्या बाहेरून धरायचं, टाकीत टाकायचं नाही. एवढं केलं की निम्म्या वेळा त्याला स्वतःलाच उत्तर सापडतं आणि मला फक्त "बाबा, फेवायटीस ना?" असा मेसेज येतो.

पाटीवर फक्त आडनाव

आता तुम्हाला वाटेल, एवढं बघितलं की पूर्ण नाव निघालं. तसं होत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या जातीचं स्वतःचं नाव. अॅक्रोपोरा हे आडनाव. त्या घराण्यात शंभराहून जास्त जाती आहेत. त्यातली नेमकी कोणती, हे ठरवायला बऱ्याचदा सांगाडा साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागतो. शिवाय एकच जात जोरदार लाटेत आखूड, जाड फांद्यांची वाढते आणि शांत पाण्यात लांब, सडपातळ. टाकीतला प्रवाह आणि दिवे तर समुद्रापेक्षा निराळेच. चार्ली व्हेरॉन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने जगभरच्या प्रवाळांवर 2000 साली तीन जाडजूड खंड काढले. ते उघडून बसलात तरी टाकीतल्या फोटोवरून अॅक्रोपोराची जात छातीठोकपणे सांगता येईलच असं नाही.

अशा वेळी शास्त्रज्ञ काय करतात? आडनाव लिहितात आणि पुढे 'एसपी.' एवढंच टाकतात. म्हणजे घराणं कळलं, व्यक्ती कळली नाही. 'याच्यासारखं वाटतं, पडताळून पाहावं' असं म्हणायचं असेल तर मध्ये 'सीएफ.' लिहितात. यात कमीपणा काही नाही. साइटिस हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या परवान्यांवरही, ज्यांची जात ओळखणं अवघड अशा बऱ्याच प्रवाळांना नुसतं आडनाव चालतं. आपल्या नेमप्लेटवर 'कुलकर्णी' एवढंच असतं, तरी पोस्टमन पत्र टाकतोच की. टाकीत प्रवाळ कुठे ठेवायचं, उजेड किती, शेजारी कोण, हे बहुतेक वेळा आडनावावर ठरतं. माहीत नसलेलं नाव ठोकून देण्यापेक्षा अर्धं पण खरं नाव केव्हाही बरं.

त्यातून नावंही बदलतात. मघाशी डिप्सास्ट्रिया म्हणालो, ती जुन्या पुस्तकांत फेविया आहे. 2012 साली अभ्यासकांनी दाखवलं की हिंदी आणि पॅसिफिक महासागरातल्या फेवियांचं अटलांटिकमधल्या फेवियाशी जवळचं नातं नाही, तेव्हा इकडच्यांना दुसरं नाव मिळालं. 2017 साली हातोडा आणि बेडूकअंडी यांनाही युफिलिया या घराण्यातून काढून फिंब्रियाफिलियात नेलं. मशाल मात्र युफिलियातच राहिली. गंमत अशी, हौशी लोक आधीपासून सांगत होते की हातोडा आणि बेडूकअंडी शेजारी ठेवली तर बहुधा भांडत नाहीत, मशाल मात्र त्यांना डसते. एकदा सातबारावर जुनं नाव, एकदा नवं, जमीन तीच. म्हणून टाकीच्या वहीत दोन्ही नावं लिहून ठेवावीत.

आठ बोटांपेक्षा मोठा प्रश्न

आता ज्यासाठी हा विषय निवडला तिकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी जावयाने एक जुनी टाकी घेतली, दगडांसकट. एका दगडावर तपकिरी, बटणासारखे पॉलिप होते. ते पसरत पसरत चांगल्या प्रवाळांवर चढायला लागले. जावयाने ठरवलं, रविवारी दगड बाहेर काढायचा, उकळतं पाणी ओतायचं आणि ब्रशने घासून टाकायचं. फ्लॅट छोटा, स्वयंपाकघर दिवाणखान्याला लागून, नात तेव्हा दोन वर्षांची. सहज बोलता बोलता मुलगी फोनवर म्हणाली, "उद्या आमच्याकडे दगड उकळायचा कार्यक्रम आहे."

मी म्हटलं, थांबा. आधी नाव. फोटो पाठवा.

पांढऱ्या उजेडातला फोटो आला. चुन्याचं घर नाही. पॉलिप खालून एका जाड चटईने जोडलेले. वरती सपाट चकती आणि कडेला आखूड बोटांच्या दोन रांगा. हे झोअँथिड. टाकीत यांची दोन घराणी नेहमी भेटतात, झोअँथस आणि पॅलिथोआ. बाजूचा फोटो मागवला. मिटलेल्या पॉलिपच्या अंगात वाळूचे कण बसलेले दिसत होते. झोअँथस अंगात वाळू घेत नाही, पॅलिथोआ घेतं. आडनाव मिळालं.

या आडनावामागे एक गोष्ट आहे. हवाई बेटांवर माउई नावाचं बेट आहे, तिथे हाना गावाजवळच्या एका डबक्यात 'हानाचं मारक शेवाळ' मिळतं, अशी जुनी समजूत होती. लोक भाल्याची टोकं त्यात बुडवत. शास्त्रज्ञ तिथे पोचले तेव्हा ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होतं. पुन्हा तेच, प्राण्याला वनस्पती समजले! 1971 साली मूर आणि शॉयर यांनी त्यातलं विष वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याचं नाव पॅलिटॉक्सिन. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट गरम पाणी ओतलं, ब्रशने घासलं, की वाफेतून आणि तुषारांतून हवेत जातं, आणि घरातले सगळे तीच हवा घेतात.

हे कागदावरचं भय नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2015 साली अलास्कातल्या अशा घटनांचा अहवाल छापला. त्यातल्या अँकोरेजच्या एका गृहस्थांनी टाकीत जिवंत झोअँथिड ठेवलं आणि सात-आठ तासांत तोंडाला कडू, धातूसारखी चव, ताप, अशक्तपणा, खोकला, अंगदुखी. डॉक्टरला टाकीबद्दल कुणी सांगितलं नाही तर तो याला फ्लू म्हणणार.

जावयाने विचारलं, "म्हणजे हे विषारीच आहे?" मी म्हटलं, फोटोवरून सांगता येणार नाही. अमेरिकेत दुकानांतल्या झोअँथिडांची तपासणी झाली, तेव्हा काहींत विष भरपूर निघालं आणि काहींत अजिबात नाही. रंगावरून फरक कळत नाही. आपल्याला आडनाव कळलंय, नाव नाही. मग वागायचं ते विषारी आहे असं धरून. दगड उकळला नाही, घासला नाही, कापला नाही. नातीला घेऊन मुलगी बाहेर गेली. जावयाने जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातला, दगड पाण्यातल्या पाण्यात बादलीत घेतला, झाकण लावलं आणि तिथल्या एका जाणकाराच्या स्वाधीन केला. कुणाला काही झालं नाही. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि तेच हवं होतं.

आपल्या दारातलं प्रवाळ

आता आपल्याकडे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. 2001 साली सगळी खडक बांधणारी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि मघाचं ऑर्गन पाइप यांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघ ज्या यादीत आहे त्या यादीत. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा तीन ते सात वर्षं. म्हणून आपल्या समुद्रातलं प्रवाळ घरच्या टाकीत ठेवण्याचा विचारही नको. दुकानदार "सगळे ठेवतात हो" म्हणेल, त्याला आधी नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर पुढे जायचं नाही.

आणि प्रवाळ बघायला ब्रिस्बेनला जायला हवं असंही नाही. आपल्या मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर, गढूळ पाण्यात तग धरणारं औलास्ट्रिया क्रिस्पाटा नावाचं छोटं प्रवाळ आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी, 2020 साली, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती वनविभागाची परवानगी घेऊन दुसरीकडे हलवल्या गेल्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालं. कुणीतरी वाकून बघितलं, वाट्या ओळखल्या, नाव लिहिलं, म्हणून ते हलवले गेले. नाव नसतं तर तो नुसता दगड होता. ओहोटीला मुलांना घेऊन जा, बघा, फोटो काढा. उचलू मात्र नका.

प्रश्नोत्तरं

सी विंगच्या काकू: आमच्या शोकेसमध्ये पांढऱ्या फांदीसारखं काहीतरी आहे. सासूबाईंनी रामेश्वरहून आणलं होतं. ते प्रवाळ आहे का?

– काकू, भिंगातून बघा. सगळीभर बारीक वाट्या आणि वाट्यांत पट्ट्या दिसल्या तर खरं प्रवाळ. साच्याची जोडरेघ दिसली, रंगाखाली प्लॅस्टिक दिसलं, तर खेळणं, खुशाल ठेवा. खरं असेल तर विकू नका, कुणाला भेट देऊ नका, वनविभागाच्या कार्यालयात रीतसर विचारा. मेलेल्या प्रवाळालाही कायदा लागू आहे. आणि यापुढे सहलीला गेलात की किनाऱ्यावरून शंख-प्रवाळ घेऊ नका, एवढं तरी सगळ्यांनी आजपासून करता येईल.

बी विंगचा एक कॉलेजकुमार: काका, फोटो काढला की नाव सांगणारी अॅप आहेत. मग मोजत कशाला बसायचं?

– अॅप वापर, मीही वापरतो. त्याने सांगितलेलं नाव म्हणजे पहिला अंदाज. पुढे बोटं मोज, भिंत बघ, मग मान्य कर. आणि अॅपने पूर्ण नाव सांगितलं, तुला मात्र आडनावापर्यंतच खुणा जुळल्या, तर वहीत आडनावच लिही.

ए विंगच्या एक छोट्या ताई: माझ्या फिशबाउलमधलं गुलाबी झाड प्रवाळ आहे का?

– बाळा, घरी जाऊन बघ, त्याच्या बुडाशी काही लिहिलंय का. 'मेड इन' असं लिहिलेलं प्रवाळ मी अजून पाहिलेलं नाही.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत आणि मागून चहाचा वास येतोय. औलास्ट्रियाची ओळख ज्यांना प्रत्यक्ष करून घ्यायची आहे, त्यांनी खाली वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा. पुढच्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आपण सगळे मिळून जाऊ. पायात जुने बूट घाला, सोबत भिंग आणा, पिशवी आणू नका.